क्रूस एकच, पण तारण नेमकं कशापासून?

गुड फ्रायडेच्या दुपारी मराठवाड्यातल्या वेगवेगळ्या चर्चमध्ये डोकावलं, तर उपासनेचे वेगवेगळे प्रकार दिसतात. सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या चर्चमध्ये बारा ते तीन येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर एकामागून एक प्रवचनं चालतात. कॅथलिक चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेची चौदा स्थानं होतात, मग लोक रांगेने येऊन क्रुसाचं चुंबन घेतात. त्या दिवशी मिस्सा मात्र होत नाही, गुरुवारी अभिमंत्रित केलेली भाकरच वाटतात. पेंटेकॉस्टल मंडळीत आजाऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना होते. मुक्ती फौजेच्या (साल्व्हेशन आर्मीच्या) हॉलमध्ये पुढे एक साधा बाक असतो, ज्याला पश्चात्ताप झाला त्याने तिथे येऊन गुडघे टेकायचे.

ख्रिस्त आपल्यासाठी मेला, हे सगळीकडेच सांगितलं जातं. त्याच्या मरण्याने आपलं नेमकं काय झालं, यावर मात्र एकमत नाही. शेजारच्या घरातली माणसं दोन वेगळ्या चर्चला का जातात, असा प्रश्न बाहेरच्यांना पडतो. खुद्द ख्रिस्ती घरांतही त्याचं नीट उत्तर मिळतंच असं नाही.

एखाद्या चर्चची शिकवण समजून घ्यायची असेल, तर आमच्या मते आधी एवढंच विचारावं: तुमच्या मते माणसाला कशापासून सोडवायचं आहे? पापाच्या दोषापासून, सैतानाच्या गुलामीपासून, मरणापासून, मनाच्या कठोरपणापासून, की माणसानेच माणसावर लादलेल्या जाचापासून? दुखणं काय ठरवलं, त्यावर क्रुसाचा अर्थ ठरतो. बाप्तिस्मा कधी द्यायचा, पाप कोणापुढे कबूल करायचं, मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची की नाही, हे सगळं पुढे त्याच धाग्याने येतं.

वाद कुठे नाही

पंतय पिलात यहूदियाचा रोमन सुभेदार होता इ.स. २६ ते ३६ या काळात. येशूला क्रुसावर दिलं ते बहुतेक अभ्यासकांच्या मते ३० किंवा ३३ साली. ३२५ ची निकेयाची परिषद आणि ३८१ ची कॉन्स्टँटिनोपलची परिषद यांतून जो विश्वासांगीकार, म्हणजे विश्वासाची ठरलेली कबुली, आला, तो आजही सीएनआय, कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स अशा तिन्ही चर्चमध्ये म्हटला जातो. त्यात आम्हा मानवांसाठी व आमच्या तारणासाठी तो स्वर्गातून उतरला आणि पिलाताच्या अमलात आमच्यासाठी क्रुसावर खिळला गेला, एवढंच आहे. क्रुसामुळे तारण कसं होतं, याचा खुलासा त्यात नाही.

ही गोष्ट फार लोकांना माहीत नसते. ख्रिस्त देव किती आणि माणूस किती, यावर ३२५ पासून ४५१ पर्यंत परिषदा भरल्या, शब्दन्‌शब्द घासून ठरवला गेला, वेगळं मानणाऱ्यांना बाहेर काढलं गेलं. क्रुसाने तारण कसं होतं, यावर मात्र सगळ्या चर्चना मान्य असलेल्या परिषदेने कधीच व्याख्या केली नाही. म्हणून 'क्रुसाचा खरा ख्रिस्ती अर्थ हाच' असं कोणी ठासून सांगितलं, तर तो आपल्या परंपरेचा अर्थ सांगतो आहे एवढंच धरावं.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवली तर पुढचे निम्मे वाद सुटतात. नव्या करारात तारण तिन्ही काळांत येतं. इफिसकरांच्या पत्रात (२:८) ते झालेलं आहे, करिंथकरांच्या पहिल्या पत्रात (१:१८) ते होत आहे, रोमकरांच्या पत्रात (५:९) ते होणार आहे. 'तुझं तारण झालं का?' असं पेंटेकॉस्टल माणूस विचारतो तेव्हा त्याच्या मनात पहिला काळ असतो. कॅथलिक माणूस त्यावर गोंधळतो किंवा चिडतो, कारण त्याला लहानपणापासून दुसरा आणि तिसरा शिकवलेला असतो. दोघांच्याही हातात तेच पवित्र शास्त्र असतं.

दोन बोकड आणि एक कोकरू

क्रुसाचा अर्थ लावताना पहिल्या शिष्यांच्या हाताशी यहुदी सण होते. त्यातले दोन महत्त्वाचे, आणि प्रवचनांत त्यांची सर्रास सरमिसळ होते.

एक प्रायश्चित्ताचा दिवस, लेवीय १६. वर्षातून एकदा प्रमुख याजक दोन बोकड घ्यायचा. चिठ्ठ्या टाकून एक देवासाठी ठरायचा. तो कापून त्याचं रक्त परमपवित्रस्थानात शिंपडायचं, म्हणजे लोकांच्या पापाने विटाळलेली जागा शुद्ध व्हायची. दुसऱ्या बोकडाच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून याजक सगळ्या लोकांची पापं कबूल करायचा आणि तो बोकड जिवंतच रानात सोडून दिला जायचा. नीट पाहा: ज्याच्यावर पापं घातली तो मारला जात नाही आणि जो मारला जातो त्याच्यावर पापं घातलेली नसतात. 'बोकडाला आपल्या जागी शिक्षा झाली' असं सांगणारा पाळक दोन विधी एकत्र करून सांगत असतो.

दुसरा वल्हांडण, निर्गम १२. एक वर्षाचं निर्दोष कोकरू महिन्याच्या दहाव्या दिवशी निवडायचं, चौदाव्या दिवशी संध्याकाळी कापायचं, रक्त दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि कपाळपट्टीला लावायचं आणि मांस त्याच रात्री भाजून खायचं, कंबर कसून, पायात वहाणा घालून. या कोकराचा पापक्षमेशी संबंध नाही. हा मिसरच्या गुलामीतून निघण्याचा सण आहे.

शुभवर्तमानं येशूचं मरण वल्हांडणाच्या दिवसांत ठेवतात. इब्री लोकांस पत्र मात्र तेच मरण प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या चौकटीत समजावतं. म्हणजे सुटका आणि शुद्धी असे दोन अर्थ खुद्द नव्या करारातच शेजारी शेजारी आहेत. पुढच्या दोन हजार वर्षांत कोणी एकावर भर दिला, कोणी दुसऱ्यावर.

किंमत दिली, पण कोणाला?

मार्क १०:४५ मध्ये येशू म्हणतो की आपण पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आलो आहोत. त्या काळच्या ऐकणाऱ्याला यातून गुलाम सोडवून घेण्याची किंमत कळायची. बीड, धारूर, पाटोद्याकडच्या वाचकाला हे उचलीवरून चटकन कळेल. दसऱ्याच्या आगेमागे ऊसतोडीची जोडी, म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून उचल घेते. हंगाम संपला तरी ती फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते आणि जोडी त्याच मुकादमाशी बांधलेली राहते. कोणी ती बाकी भरली तर जोडी मोकळी. ओरिजेन आणि त्याच्यासारख्या सुरुवातीच्या आचार्यांनी क्रूस असाच समजावला: माणूस पापामुळे सैतानाच्या ताब्यात गेला होता, ख्रिस्ताने स्वतःचा जीव देऊन तो सोडवला.

अडचण येते ती पैसे घेणाऱ्यापाशी. मुकादमाला बाकी मागायचा काहीतरी हक्क असतो. सैतानाला माणसावर कोणता हक्क? निस्साचा ग्रेगरी म्हणाला, माणसाने स्वतःला आपखुशीने विकलं होतं म्हणून किंमत द्यावी लागली, पण ती घेताना सैतान फसला. मांसाच्या आमिषाखाली देवपणाचा गळ लपवला होता, त्याने गिळलं आणि अडकला. देवाने फसवाफसवी केली, हे पुष्कळांना रुचलं नाही. त्याचाच मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी याने चौथ्या शतकातच रोखठोक विचारलं: दरोडेखोराला खंडणी, आणि तीही साक्षात देवाचीच? बरं, पित्याला दिली म्हणावं, तर त्याने आपल्याला कुठे कैद केलं होतं? इसहाकाचा बळी ज्या पित्याने घेतला नाही, तो पुत्राच्या रक्ताने कसा सुखावेल? इतका नेमका प्रश्न पुढे सातशे वर्षं कोणी विचारला नाही, असं आम्हाला वाटतं.

पूर्वेकडच्या चर्चने मग हिशेबाची भाषा मागे ठेवली आणि विजयाची पुढे आणली. चौथ्या शतकातला आचार्य अथनेशियस याच्या मांडणीत मूळ दुखणं मरण हे आहे. माणूस नाशाकडे घसरत होता, शब्द, म्हणजे देवाचा पुत्र, देहधारी झाला, मरणात शिरला आणि मरण आतून मोडलं, माणसाला देवाच्या जीवनात वाटा मिळाला. म्हणून ऑर्थोडॉक्स उपासनेत पुनरुत्थानाचा सण गुड फ्रायडेपेक्षा मोठा. नोकरीनिमित्त संभाजीनगरला स्थायिक झालेल्या मल्याळी ऑर्थोडॉक्स कुटुंबांत हे आजही दिसतं. आदामाचा दोष प्रत्येक बाळाला चिकटून येतो असंही पूर्वेचं चर्च मानत नाही. त्यांच्या मते वारशाने येतं ते मरण आणि दुबळेपण. ही विजयाची मांडणी पश्चिमेत झाकोळली होती, ती १९३० च्या सुमारास स्वीडनच्या गुस्टाफ औलेन यांनी पुन्हा पुढे आणली.

या मांडणीला एक प्रश्न टोचत राहतो. विजय झाला, तर जगात वाईटाचा जोर तसाच कसा? उत्तर देतात की निर्णायक लढाई झाली, शेवट अजून यायचा आहे. ज्याच्या घरात अकाली मृत्यू झाला, त्याला हे उत्तर पुरतंच असं नाही.

भरपाई वेगळी, शिक्षा वेगळी

१०९८ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने देव माणूस का झाला यावरचा आपला ग्रंथ पुरा केला. त्याने सैतानाला हिशेबातून काढूनच टाकलं. पाप म्हणजे देवाला द्यायचा मान न देणं. तो मान परत द्यायलाच हवा, वर अपमानाची भरपाईही हवी. भरपाई देणं लागतं माणसाला, देण्याची ऐपत आहे फक्त देवाला, म्हणून देणारा देव आणि माणूस दोन्ही असला पाहिजे. ख्रिस्त निष्पाप, त्याच्यावर मरण लागू नव्हतं, तरी त्याने आपखुशीने जीव दिला. हे देणं इतकं मोठं की सगळ्यांची भरपाई झाली.

अँसेल्मच्या युक्तिवादाचा सांधा असा आहे: एकतर भरपाई, नाहीतर शिक्षा. ख्रिस्ताने भरपाई दिली, म्हणून शिक्षेची गरजच उरली नाही. पुष्कळ पुस्तिकांत अँसेल्मच्या नावावर 'ख्रिस्ताने आपली शिक्षा भोगली' असं छापलेलं असतं, ते चूक आहे. ते मत सोळाव्या शतकातल्या सुधारकांचं, सगळ्यात नीट मांडलं ते जॉन कॅल्विनने. कॅल्विन कायदा शिकलेला होता आणि त्याच्या मांडणीत न्यायालय आहे: देव न्यायाधीश, माणूस दोषी, कायद्याची शिक्षा ठरलेली. ख्रिस्त आरोपीच्या जागी उभा राहतो, शिक्षा भोगतो, त्याचं नीतिमत्त्व आपल्या खात्यावर लिहिलं जातं.

मराठवाड्यात ही शिकवण स्कॉटिश वाटेने आली. एकोणिसाव्या शतकात फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे नारायण शेषाद्री यांनी जालन्यात काम उभं केलं आणि जवळच बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. त्या चर्चचा विश्वासनामा वेस्टमिन्स्टरचा, म्हणजे कॅल्विनच्या परंपरेतला. ख्रिस्त मेला तो देवाने निवडलेल्यांसाठी, असा त्याचा कल. तेव्हाच्या औरंगाबादेत मात्र अँग्लिकन परंपरेची चर्च मिशनरी सोसायटी होती आणि अँग्लिकनांच्या ३९ कलमांतलं ३१ वं कलम सांगतं की ख्रिस्ताचं अर्पण सगळ्या जगाच्या सगळ्या पापांसाठी आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्च मिळून सीएनआय झालं, तेव्हा या दोन्ही परंपरा एका छपराखाली आल्या. आजचं सीएनआय यातलं कुठलंही एक मत सभासदावर लादत नाही. त्यामुळे त्याच चर्चमध्ये पाळक बदलला की क्रुसावरच्या प्रवचनाचा सूर बदललेला ऐकू येतो.

शिक्षेच्या मांडणीत सगळ्यात मोठी गडबड होते ती सांगताना. रागावलेला पिता, मध्ये पडणारा प्रेमळ पुत्र, पित्याचा राग पुत्रावर निघतो आणि आपण वाचतो, असं चित्र रविवारच्या शाळेतल्या मुलांच्या मनात बसतं. असं खुद्द कॅल्विनही शिकवत नाही. योहान ३:१६ आणि रोमकरांस ५:८ वाचा: देवाची प्रीती आधी, क्रूस तिच्यातून येतो. क्रुसामुळे देवाला प्रेम करावंसं वाटू लागलं, असं शास्त्रात कुठेही नाही. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात (५:१९) देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता, म्हणजे पिता बाजूला उभा नाही. पाळकाने ही ओळ गाळली, तर ऐकणाऱ्याच्या डोक्यात दोन देव तयार होतात, एक कठोर आणि एक दयाळू.

एक आक्षेप मात्र सांगण्यातल्या चुकीचा नाही, मांडणीच्या मुळावरचा आहे. सोळाव्या शतकात फाउस्टस सोसिनस याने तो घेतला: देणं पूर्ण वसूल झालं तर ती क्षमा कसली, आणि क्षमा केली तर वसुली कशाला? त्यावर कॅल्विनच्या परंपरेचं उत्तर असं की देणारा आणि घेणारा दोन्ही देवच असल्यामुळे ही वसुली राहतच नाही, देव स्वतःच तोटा सोसतो. हे उत्तर त्रैक्यावर, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव यावर, विश्वास असेल तरच उभं राहतं, आणि सोसिनस त्रैक्य मानत नव्हता.

बाराव्या शतकातल्या अबेलारचं मत थोडक्यात असं: क्रुसावर देवाचं प्रेम दिसलं, ते पाहून माणसाचं कठोर मन विरघळतं आणि तो परत फिरतो. मराठी ख्रिस्ती माणसाला हे लगेच जवळचं वाटतं. नारायण वामन टिळकांपासून आलेल्या भजनांत चरणी लोळण घेणारा, विरहाने व्याकूळ झालेला भक्त आहे. मंडळीच्या प्रश्नोत्तरीत कायदा आणि कीर्तनात प्रेम, असं जालना-संभाजीनगरकडे वर्षानुवर्षं चालत आलंय आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही. फक्त अबेलारला विचारावं लागतं की मरणाने दुसरं काहीच साधत नसेल, तर ते प्रेमाचं लक्षण कसं ठरतं.

चौथा उद्गार

हे सगळे फरक एका जागी ऐकायचे असतील, तर सात उद्गारांपैकी चौथ्यावरचं प्रवचन लक्ष देऊन ऐकावं: "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" (मार्क १५:३४)

कॅल्विनच्या परंपरेतला पाळक म्हणेल, या क्षणी जगाचं पाप पुत्रावर होतं आणि पित्याने तोंड फिरवलं. कॅथलिक फादर सहसा आठवण करून देतील की ही स्तोत्र २२ ची पहिली ओळ आहे, त्या स्तोत्राचा शेवट भरवशाने होतो, येशू इथे प्रार्थना करतो आहे, आणि पिता-पुत्राचं ऐक्य एक क्षणही तुटलं नाही. मरणाच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत ख्रिस्त उतरला, याची खूण म्हणून ऑर्थोडॉक्स आचार्य ही ओळ वाचतात. बंगळूर आणि मद्रासला शिकवणारे अरविंद निर्मल यांनी १९८० च्या दशकात दलित ईश्वरविज्ञान मांडलं, त्यात हाच उद्गार केंद्राशी आहे. टाकून दिलेला, मोडलेला, चिरडलेला तो क्रुसावरचा माणूस दलित आहे आणि त्याच्यात देव दलितांच्या बाजूने नुसता उभा नाही, देवाने त्यांचं जिणंच स्वतःवर घेतलं आहे.

जालना आणि घोगरगावच्या परिसरात ख्रिस्ती झालेली बहुतेक घरं मांग आणि महार समाजातली होती. त्यांच्या आजा-पणज्यांना आधी कुठला सण समजला असेल, प्रायश्चित्ताचा दिवस की वल्हांडण, हे सांगायला फार अभ्यास लागत नाही. निर्मल यांच्या मांडणीवर टीका अशी होते की यात वैयक्तिक पापाला जागा कमी उरते. टीका रास्त आहे. पण उलट बाजूने पाहिलं, तर ज्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या पाप झालं त्याला दर रविवारी फक्त 'तू पापी आहेस' असं सांगणारं चर्चही अर्धीच गोष्ट सांगतं.

विश्वास, कर्म आणि दोन्हीकडचे गैरसमज

ख्रिस्ताने मिळवलेलं तारण माणसापर्यंत पोचतं कसं, यावर १५१७ नंतर पश्चिमेचं चर्च फुटलं. सुधारक मार्टिन ल्यूथरचं म्हणणं, देव माणसाला नीतिमान ठरवतो ते केवळ विश्वासाने. माणूस त्यानंतरही पापी असतो आणि त्याच वेळी नीतिमान असतो. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने १३ जानेवारी १५४७ च्या ठरावात म्हटलं, देव नुसतं ठरवत नाही, माणसाला आतून नीतिमान करतो, आणि त्यात कृपेच्या आधाराने माणसाचाही सहभाग असतो.

प्रॉटेस्टंट घरांत सर्रास ऐकू येतं की कॅथलिक लोक कर्माने तारण मानतात. ट्रेंटच्या त्याच ठरावाचा पहिलाच नियम सांगतो की कृपेशिवाय स्वतःच्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरतो असं जो म्हणेल तो चर्चबाहेर. कॅथलिक घरांत उलट ऐकू येतं की विश्वास ठेवला की काहीही करायला मोकळे. तसं ल्यूथर आणि कॅल्विन दोघांनीही शिकवलेलं नाही. तारण केवळ विश्वासाने, पण तो विश्वास कधी एकटा येत नाही, त्याला फळं लागतातच. माणूस केवळ विश्वासाने नाही तर कर्मांनीही नीतिमान ठरतो, हे याकोब २:२४ दोन्ही बाजूंना पाठ असतं आणि दोन्ही बाजू ते एकमेकांना ऐकवतात. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ल्यूथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी ऑग्सबर्गला या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड चर्चही त्यात सामील झाले. गावपातळीवर हे पोचलेलंच नाही, याचं आम्हाला वाईट वाटतं.

मिस्सामध्ये येशूला पुन्हा बळी दिलं जातं, हाही गैरसमजच. कॅथलिक शिकवणीत बळी एकदाच झाला, मिस्सात तोच समोर आणला जातो. शोधनस्थान, म्हणजे मेल्यानंतर शुद्ध होण्याची अवस्था, ही दुसरी संधी नाही, तिथे जातात ते तारण झालेलेच, उरलेल्या शुद्धीसाठी.

खरा फरक मिळालेलं तारण हरवतं का, यात आहे. कॅल्विनची परंपरा म्हणते, देवाने निवडलेला शेवटी निसटत नाही. मेथडिस्ट म्हणतात, निसटू शकतो. कॅथलिक म्हणतात, जाणूनबुजून केलेल्या गंभीर पापाने कृपा जाते आणि फादरसमोर पापनिवेदन केल्यावर परत मिळते. पहिल्या मतात बेफिकिरी शिरू शकते, किंवा उलट 'मी निवडलेलाच नाही' अशी भीती घर करते. दुसऱ्यात दर प्रार्थनासभेत पुन्हा पुन्हा तारण घेणारी माणसं दिसतात. तिसऱ्यात पापनिवेदन नुसता उपचार होऊन बसण्याचा धोका असतो.

आजारपण आणि क्रूस

त्याला बसलेल्या फटक्यांनी आपल्याला आरोग्य मिळालं, हे यशया ५३:५ पेंटेकॉस्टल मंडळीत सगळ्यात जास्त वाचलं जातं. पापक्षमेसारखंच शरीराचं आरोग्यही क्रुसावर विकत घेतलेलं आहे, अशी त्यांची धारणा. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये झालेल्या जागृतीपासून महाराष्ट्रात या धारेला पाळंमुळं आहेत, ती काही परवाची नाही. सोडवायचं दुखणं इथे अगदी अंगातलं दुखणं आहे आणि ज्यांना दवाखाना परवडत नाही त्यांना यात आधार मिळतो, हे मान्य केलंच पाहिजे.

पण वचन नीट लावून पाहावं. मत्तय ८:१७ मध्ये यशयाची शेजारची ओळ येशूने आजारी बरे केले त्या प्रसंगाला जोडली आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात (२:२४) हीच फटक्यांची ओळ पापाबद्दल वापरली आहे. पौलाने त्रफिमाला मिलेत येथे आजारी सोडलं, तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, आणि स्वतःच्या शरीरातला काटा तीनदा प्रार्थना करूनही गेला नाही. त्याचा विश्वास कमी होता, असं कोणी म्हणत नाही.

चूक इथेच होते: आजार बरा झाला नाही की विश्वास कमी पडला, असं रुग्णालाच सुनावलं जातं. किंवा साक्ष द्यायच्या भरात गोळ्या बंद केल्या जातात. क्षयरोगाचा साधा उपचारही सहा महिन्यांचा असतो, बरं वाटतं म्हणून मध्येच सोडला तर औषधांना न जुमानणारा क्षय होऊ शकतो. इन्सुलिन चालू असलेल्याने ते अचानक सोडलं तर जीव जाऊ शकतो. प्रार्थना चालू ठेवा, औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. जालन्यात ज्यांनी चर्च बांधलं, त्यांच्याच परंपरेतून तिथे मिशन हॉस्पिटलही उभं राहिलं.

बाप्तिस्मा, कागद आणि लग्न

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. त्यामुळे अनुसूचित जातीचा दर्जा जाईल म्हणून, मराठवाड्यात वर्षानुवर्षं चर्चला येणारी, पण बाप्तिस्मा न घेतलेली माणसं भेटतात. त्यांचं तारण होतं का?

कॅथलिक शिकवणीत बाप्तिस्मा आवश्यक आहे, पण तो घेण्याची खरी इच्छा असताना माणूस मेला तर ती इच्छाच धरली जाते. ख्रिस्ताची ओळख ज्याला स्वतःच्या दोषाशिवाय झालीच नाही, त्यालाही तारण मिळू शकतं, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये लिहून ठेवलं. पेंटेकॉस्टल आणि बाप्टिस्ट मंडळी म्हणतील, तारण विश्वास ठेवला तेव्हाच झालं, बाप्तिस्मा ही त्याची आज्ञाधारक साक्ष, पण ती टाळणं बरोबर नाही. मुक्ती फौज तर बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोन्ही विधी पाळतच नाही.

लग्न ठरताना हे फरक एकदम अंगावर येतात. वधू कॅथलिक आणि वर सीएनआयचा असेल, तर बिशपची परवानगी घेऊन लग्न लागतं, कारण सीएनआयचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानतं. लहानपणी झालेला असो की मोठेपणी, पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला असला म्हणजे झालं. वर मुक्ती फौजेच्या घरातला असेल आणि त्याचा बाप्तिस्माच झालेला नसेल, तर परवानगी पुरत नाही, वेगळी सूट मागावी लागते. 'फक्त येशूच्या नावाने' बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळीतला असेल, तर तो बाप्तिस्मा कॅथलिक चर्च ग्राह्य धरत नाही, तिथेही सूटच लागते.

म्हणून दोन्ही घरांनी पत्रिका छापायच्या आधी फादर आणि पाळक दोघांनाही भेटावं. कॅथलिक बाजूने बाप्तिस्म्याचा ताजा दाखला लागतो, साधारण सहा महिन्यांच्या आतला. दुसऱ्या बाजूच्या दाखल्यावर तारीख, ठिकाण, पाळकाची सही आणि बाप्तिस्मा कोणत्या नावाने दिला ते स्पष्ट लिहिलेलं असावं. जुन्या रजिस्टरमधली पानं फाटलेली असतील, तर बाप्तिस्म्याला हजर असलेल्या माणसाचा लेखी जबाब चालतो का, ते तेव्हाच विचारून घ्यावं. मुलांना कोणत्या चर्चमध्ये वाढवायचं हा प्रश्न फादर विचारणारच, तेव्हा त्यावर वधू-वरांचं बोलणं आधीच झालेलं असू द्यावं.